रक्ताच्या थेंबावरून 'किती रेडिएशन बसलं' ते खरंच कळतं का?

शंकेखोर (धागाकर्ता)
काल रात्री एक मालिका बघत होतो. अणुभट्टीत स्फोट, पळापळ, आणि तंबूत बसलेली डॉक्टरीण एकेकाच्या बोटाला सुई टोचून दोन मिनिटांत निकाल देतेय. "तुम्हाला २.३ ग्रे, उजवीकडे व्हा. तुम्हाला ०.४, घरी जा." (ग्रे म्हणजे अंगाने किती किरणोत्सर्ग शोषला त्याचं माप.) बायको म्हणाली, "हे काय, साखर तपासल्यासारखं?" मी नेहमीप्रमाणे ठामपणे "हो, असं असतं" म्हणून मोकळा झालो, आणि मग झोप उडाली.

तर मंडळी, असं असतं का? रक्तात नेमकं काय बघतात? आणि ही सोय असेल तर अपघातानंतर सरसकट सगळ्यांचं रक्त का तपासत नाहीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (गॅमा सोडून कुठलाही चालेल.)

बिनधास्त_बाबू
मी पयला!
बाकी वहिनींना आधी उत्तर ठोकून मग धागा काढायची पद्धत आवडली.

डॉ_वाटसरू
दोन मिनिटांत ग्रेमधला आकडा? नाही. पण मालिकावाल्यांनी ते अगदीच हवेतून काढलेलं नाही.

सगळ्यात आधी करतात तो साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, तुम्ही तापात करता तीच. त्यात आम्ही लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा आकडा बघतो. शरीरातल्या बहुतेक पेशींवर किरणांचा घाव बसला तरी त्या लगेच मरत नाहीत, पुढे विभाजनाची वेळ आली की कोलमडतात. लिम्फोसाइट याला अपवाद. त्या विभाजनाची वाट बघत नाहीत, काही तासांतच मरायला लागतात. जितका मोठा डोस, तितकी वेगाने घसरण.

म्हणून एका सीबीसीने काही ठरत नाही. पहिले दोन दिवस साधारण दर ६ तासांनी रक्त काढायचं आणि उतार किती आहे ते बघायचं. ४८ तासांनंतरही आकडा (रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे) १२०० च्या वर टिकला असेल तर जिवावर बेतेल असा डोस बसलेला नाही, असं बऱ्याच भरवशाने म्हणता येतं. ३०० च्या खाली गेला तर प्रकरण गंभीर. यासाठी नवं यंत्र लागत नाही, सीबीसी तर तालुक्याच्या दवाखान्यातही होतो. लागते ती शिस्त. नळीवर नाव आणि तारीख तर हवीच, पण *वेळ* लिहिलेली हवी. वेळ नसेल तर उतार कसा काढणार?

दुसरी खूण उलटी. २ ग्रेच्या वर डोस असेल तर बऱ्याच जणांना एक-दोन तासांत उलटी होते, ६ च्या वर असेल तर अर्ध्या तासाच्या आत. पण उलटीवर माझा फारसा विश्वास नाही. का, ते कोणी विचारलं तर सांगेन.

काजवा
विचारलं. का?

डॉ_वाटसरू
गोयानिया, ब्राझील, १९८७. ओसाड पडलेल्या दवाखान्यातलं कर्करोगाच्या उपचाराचं यंत्र दोघांनी भंगारासाठी फोडलं. आत सिझियम-१३७ ची भुकटी होती, अंधारात निळसर चमकणारी. लोकांनी ती हौसेने घरी नेली, वाटली, अंगाला लावली. दोन आठवड्यांहून जास्त काळ कुणालाच पत्ता नव्हता. मग बातमी फुटली आणि शहर स्टेडियमकडे लोटलं. सुमारे १,१२,००० लोक तपासले. त्यातले २४९ दूषित निघाले. चार माणसं गेली.

आता बघा. पहिल्या साठ हजारांतल्या सुमारे पाच हजार लोकांना पुरळ, उलट्या, जुलाब अशी लक्षणं होती आणि त्यांच्या अंगावर किरणोत्सर्गी कणही नव्हता. ती नाटकं नव्हती, भीतीने खरोखरच पोट ढवळतं. अशा वेळी उलटीवरून माणसं निवडायला बसलात तर खाटा चुकीच्या लोकांनी भरतात. लिम्फोसाइट मात्र घाबरल्यामुळे असे दोन दिवस सलग घसरत जात नाहीत.

सूक्ष्मदर्शी
डॉक्टरसाहेबांशी सहमत, एक छोटं खुसपट सोडून. ताण, भाजणं, मोठी इजा, स्टेरॉइडची औषधं यांनीही लिम्फोसाइट खाली येतात. स्फोटात जखमी झालेल्याचा आकडा म्हणून जपून वाचावा लागतो.

मी गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत आहे, तेव्हा 'नेमकं काय बघतात' यातला माझा वाटा सांगते. किरणांनी गुणसूत्रं तुटतात. पेशी ती सांधायला जाते आणि घाईत चुकीचे तुकडे जोडते. गुणसूत्र म्हणजे आगगाडी धरा आणि त्यावरचा सेंट्रोमिअर म्हणजे इंजिन. दोन गाड्या मधोमध तुटल्या आणि दोन्ही इंजिनवाले भाग एकमेकांना जोडले गेले, तर दोन इंजिनांची एक गाडी होते आणि मागे बिनइंजिनाचे डबे उरतात. त्या दोन इंजिनवालीला डायसेंट्रिक म्हणतात. निरोगी माणसात हजार पेशींत एखादा सापडतो. तो दुसऱ्या कशाने सहसा होत नाही, म्हणून तर या कामात त्याचा इतका दबदबा. १९६० च्या दशकापासून ही पद्धत वापरात आहे आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तिची पुस्तिका १९८६ मध्ये काढली.

वेळ का लागतो? रक्तातल्या लिम्फोसाइट झोपलेल्या असतात, विभाजन करत नाहीत, आणि विभाजनाच्या मध्यावर असल्याशिवाय गुणसूत्रं दिसत नाहीत. मग त्यांना जागं करायला फायटोहिमॅग्लुटिनिन घालतो. हे राजम्यातून काढतात! ४८ तास उबेत ठेवायचं. शेवटी कोल्सेमिड घालून विभाजन मध्येच थांबवायचं. हे आपल्या कळलावीत असतं त्या कोल्चिसिनचं भावंड. मग पेशी फुगवायच्या, काचपट्टीवर थेंब टाकायचा, जिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसायचं. पूर्ण तपासणीला ५०० ते १००० पेशी. मानेचं काय होतं ते विचारू नका.

म्हणजे आज रक्त दिलंत तर अगदी धावपळ केली तरी तिसऱ्या दिवशी आकडा.

काजवा
थांबा थांबा. राजम्याने पेशी जाग्या होतात? मग माझ्या का झोपतात?

सूक्ष्मदर्शी
शिजवल्यावर ते प्रथिन निकामी होतं. कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्लात तर जागे व्हाल, रात्रभर. जोरदार उलट्या होतात.

काजवा
म्हणजे कच्चा राजमा खाल्ला की उलटी, उलटी झाली की तंबूतली डॉक्टरीण म्हणणार उजवीकडे व्हा. डॉ. वाटसरूंचा मुद्दा पटला.

कोरडवाहू
माफ करा, पण मला हा सगळा हौशी प्रयोगशाळेचा प्रकार वाटतो. खरी आणीबाणी आली की हजारो माणसं दारात. तिथे ४८ तास पेशी उबवत बसणार? गायगर काउंटर फिरवा, ज्याच्यावर टकटक वाजेल त्याला बाजूला काढा, अंघोळ घाला. विषय संपला.

डॉ_वाटसरू
कोरडवाहू, तुमचा अर्धा मुद्दा बरोबर आहे आणि उरलेला अर्धा धोकादायक. काउंटर दाखवतो तो अंगाला चिकटलेला किरणोत्सर्गी धुरळा. ज्याच्या अंगावरून नुसते गॅमा किरण आरपार गेले त्याच्यावर काउंटर गप्प बसतो.

चिखलात लोळलेला माणूस आणि उन्हात करपलेला माणूस यातला फरक समजा. चिखल धुता येतो, दिसतोही. करपलेल्याच्या कातडीत ऊन शिल्लक नसतं, पण इजा झालेली असते. बंद डबीतल्या किरणोत्सर्गी कोबाल्टजवळ तासभर बसलेला माणूस तुमच्या काउंटरसमोरून हसत घरी जाईल आणि तीन आठवड्यांनी त्याच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तळाला जातील. असा माणूस रक्तातच सापडतो.

(याच कारणाने अशा रुग्णाला हात लावायला घाबरू नका. तो स्वतः किरणं फेकत नसतो.)

कोरडवाहू
हे ठीक. पण मग डायसेंट्रिकचा आकडा तिसऱ्या दिवशी येऊन करायचं काय? उपचार तर तुम्ही लक्षणं आणि सीबीसी बघून सुरू केलेलेच असणार.

डॉ_वाटसरू
हो, त्या आकड्यासाठी उपचार कधीच थांबवत नाही. पण मोठे निर्णय पुढे असतात. ज्याची अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर) आपोआप सावरणार आहे त्याला पेशी वाढवणारी इंजेक्शनं आणि जंतुसंसर्गापासून जपणं पुरतं. ज्याची सावरणार नाही त्याच्यासाठी रोपणाचा विचार. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातात (१९८६) १३ जणांना अस्थिमज्जा रोपण केलं आणि त्याचा फायदा अगदी थोड्यांना झाला. डोस किती आणि तो अंगभर सारखा बसलाय की नाही, हे कळण्याला म्हणून किंमत आहे. तिथे तीव्र किरणोत्सर्गी आजार १३४ जणांना झाला, पैकी २८ त्याच वर्षी गेले.

हिशेबनीस
सूक्ष्मदर्शी ताई, पेशी मोजून ग्रे कसे काढता? सरळ गुणाकार?

सूक्ष्मदर्शी
सरळ नाही, वक्र आहे. कमी डोसला एकाच किरणाच्या मार्गात दोन्ही तुटी होतात, म्हणून आकडा डोसच्या प्रमाणात वाढतो. मोठ्या डोसला दोन वेगवेगळ्या किरणांनी तोडलेली टोकंही एकमेकांना भेटतात, म्हणून डोसच्या वर्गाच्या प्रमाणातला भाग वर चढतो. गॅमाला ढोबळमानाने १ ग्रेवर शंभर पेशींत आठ-दहा डायसेंट्रिक, ४ ग्रेच्या आसपास सरासरी दर पेशीला एक. प्रत्येक प्रयोगशाळा निरोगी माणसांच्या रक्ताला मोजून-मापून किरणं देते आणि आपला वक्र आधीच काढून ठेवते. दुसऱ्याचा वक्र उसना घेतला की चूक वाढते.

आणि कोरडवाहूंच्या 'हजारो माणसं' साठी तोड आहे. गर्दीत १००० पेशी मोजत नाहीत, ५० मोजतात किंवा ३० डायसेंट्रिक होईपर्यंत. अर्धा-एक ग्रे इकडेतिकडे होतो. चालतं. कारण तेव्हा प्रश्न '२.३ की २.५' हा नसतो, 'दाखल की घरी' हा असतो. शिवाय काचपट्ट्यांची चित्रं दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेला पाठवून मोजणी वाटून घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेचं तसं जाळंही आहे.

हिशेबनीस
५० पेशींत शून्य सापडले तर शून्य डोस?

सूक्ष्मदर्शी
नाही! 'बहुधा १ ग्रेच्या खाली' इतकंच. छान प्रश्न, हा गोंधळ नेहमी होतो.

एक्सरेवाली
या विषयावर मी बोललंच पाहिजे, कारण माझं रक्त या तपासणीला गेलं होतं. अणुभट्टी वगैरे काही नाही हो, नुसता वेंधळेपणा.

आम्ही छातीला टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते नोंदवणारा बिल्ला) लावतो, तो ठरावीक महिन्यांनी मोजायला जातो. एकदा माझ्या बॅजचा आकडा वर्षाच्या मर्यादेच्या कित्येक पट आला. पत्र आलं, काम बंद, चौकशी. मी रडकुंडीला. घरी सांगितलं तर आईने देव पाण्यात ठेवले. मग रक्त पाठवलं आणि निकाल येईपर्यंतच्या दोन आठवड्यांत मी स्वतःला आरशात किती वेळा बघितलं देव जाणे. रोज विंचरताना केस मोजायचे.

रिपोर्ट आला: नेहमीच्या पातळीइतकंच, वाढ नाही. मग डोक्यात उजेड पडला. मी शिशाचा एप्रन काढून खोलीतच टांगत होते आणि बॅज त्यालाच लावलेला राहत होता. मी घरी जाऊन झोपत होते आणि माझा बॅज रात्रपाळीचे सगळे एक्स-रे इमानेइतबारे खात होता.

बिनधास्त_बाबू
ताई, बॅजला ओव्हरटाइम मिळाला का?

सूक्ष्मदर्शी
हसू नका, शांततेच्या काळात आमच्याकडे येणारी बरीच रक्तं याच जातीची असतात. बॅज खिशात विसरला, खोलीत राहिला, कुणी खोडसाळपणे किरणात धरला. बॅज कुठे होता ते बॅज सांगतो, माणूस कुठे होता ते रक्त सांगतं.

रानजाई
अवांतर वाटेल, पण माझ्या मुलीचे गेल्या वर्षी दोन सीटी स्कॅन झाले. तिचं रक्त असं तपासून घ्यावं का? सगळं वाचून धडधडायला लागलंय.

डॉ_वाटसरू
नको. एका सीटीचा डोस साधारण १० मिलिसिव्हर्टच्या आसपास (सिव्हर्ट म्हणजे अपायाच्या हिशेबाने काढलेलं डोसचं माप). डायसेंट्रिकमध्ये १००० पेशी मोजूनही खात्रीने दिसणारा सगळ्यात लहान डोस सुमारे १०० मिलिग्रे. गॅमा आणि एक्स-रेला ग्रे आणि सिव्हर्टचा आकडा ढोबळमानाने सारखाच, म्हणजे दोन सीटी त्याच्या खूप खाली आले. निसर्गातूनच आपल्याला जगभरच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. स्कॅन ज्यासाठी केले ते दुखणं बरं झालं ना?

रानजाई
हो, ठणठणीत आहे. धन्यवाद डॉक्टर, आता झोपते.

मावळतीकर
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (आधीच कोणीतरी लिहिलंय.)

हिशेबनीस
परत एक शंका. समजा कामगाराने किरणोत्सर्गी पदार्थाचं चमकदार नळकांडं बघून खिशात घातलं. मांडीला प्रचंड डोस, बाकी अंगाला किरकोळ. रक्त तर अंगभर फिरतं. आकडा सरासरी येणार ना? मग तो फसवा नाही का?

सूक्ष्मदर्शी
धाग्यातला आतापर्यंतचा सगळ्यात टोकदार प्रश्न. होय, सरासरी फसवी येते. पण वाटणी चुगली करते. अंगभर सारखा डोस असेल तर डायसेंट्रिक पेशींमध्ये योगायोगाने पडावेत तसे विखुरतात: बऱ्याच पेशींत एक, थोड्यांत दोन. थोड्याच भागाला मोठा डोस असेल तर बहुतेक पेशी कोऱ्या निघतात आणि मधूनच एखादीत तीन-चार. असं दिसलं की आम्ही 'अंशतः डोस' म्हणतो, आणि किती भागाला किती याचा अंदाजही गणिताने काढतो. म्हणूनच शक्यतो २४ तास थांबून रक्त घ्यावं, म्हणजे भाजलेल्या आणि न भाजलेल्या पेशी नीट मिसळतात.

अगदी हाताच्या बोटांपुरती इजा असेल तर मात्र रक्त जवळजवळ काहीच बोलत नाही. तिथे कातडीच बघायची.

कोरडवाहू
आणि पोटात गेलेलं असेल तर? श्वासातून आयोडिन गेलं, तर तुमच्या लिम्फोसाइट काय सांगणार?

सूक्ष्मदर्शी
फार काही नाही, कबूल. आयोडिन थायरॉइडमध्ये साठतं, ते मानेशी मोजयंत्र धरून बघतात. सिझियम अंगभर पसरतं म्हणून गुणसूत्रांत दिसतं, गोयानियात शंभराहून जास्त जणांची तशी तपासणी झाली होती. पण आत *किती आहे* हे लघवी आणि पूर्ण-शरीर मोजणीवरूनच ठरतं.

कोरडवाहू
ठीक आहे. 'हौशी' हा शब्द मागे घेतो. 'विषय संपला' हाही.

काजवा
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

मावळतीकर
आता खरंच नवीन मुद्दा. डोस इतका मोठा असेल की लिम्फोसाइटच उरल्या नाहीत तर मोजणार काय? तोकाइमुरा, जपान, ३० सप्टेंबर १९९९. कामगारांनी युरेनियमचं द्रावण बादलीने टाकीत ओतलं आणि साखळी प्रक्रिया पेटली. तिघांना जबर डोस बसला, दोघे पुढच्या काही महिन्यांत गेले.

तिथे एक विलक्षण गोष्ट झाली. न्यूट्रॉनांनी त्यांच्या रक्तातल्या मिठाचा सोडियमच किरणोत्सर्गी केला, सोडियम-२४. त्याचं अर्धायुष्य १५ तास, म्हणून घाई करून मोजावं लागतं. डॉक्टर वर म्हणाले 'रुग्ण स्वतः किरणं फेकत नाही', त्याला हा अपवाद.

डॉ_वाटसरू
दुरुस्ती मान्य. न्यूट्रॉन आले की माझं वाक्य लंगडं पडतं.

सूक्ष्मदर्शी
आणि लिम्फोसाइट जवळपास संपल्यावर आम्ही उरल्यासुरल्यांना विभाजनाची वाट न बघता गुणसूत्रं आवळायला लावतो. त्यात दिसणाऱ्या गोल कड्या मोजता येतात. तिथे तेच केलं होतं.

बिनधास्त_बाबू
जुनं रेडिएशन पकडता येतं का? म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं?

सूक्ष्मदर्शी
डायसेंट्रिकने नाही. दोन इंजिनं विभाजनात दोन दिशांना ओढतात आणि पेशी मरते, त्यामुळे साधारण तीन वर्षांत ते निम्मे होतात, मोठ्या डोसनंतर त्याहून लवकर. पण अदलाबदल झालेली, एकाच इंजिनाची गाडी व्यवस्थित धावते आणि वर्षानुवर्षं टिकते. ती रंगीत डीएनए लावून शोधतात. गंमत म्हणजे वय वाढतं तशा याही आपोआप वाढतात, म्हणून वय वजा करावं लागतं.

रक्त सोडून दाताच्या एनॅमलमध्येही डोसची नोंद राहते. मोबाइलमधल्या बारक्या रोधकांमध्येसुद्धा (रेझिस्टर) राहते, पण त्यासाठी फोन फोडावा लागतो.

काजवा
लोक दात देतील. फोन देणार नाहीत.

शंकेखोर (धागाकर्ता)
दोन दिवस कामात होतो, इकडे बघतो तर राजमा, कळलावी, आगगाडी! सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ तिसरा प्रश्न लटकलाच आहे. सरसकट सगळ्यांचं रक्त का नाही? समजा दारात पाच हजार माणसं आहेत आणि आत डॉ. वाटसरू एकटे.

डॉ_वाटसरू
आधी रक्तस्राव आणि तुटलेली हाडं. किरणांनी माणूस तासाभरात मरत नाही, रक्तस्रावाने मरतो. मग कपडे उतरवणं, त्यानेच अंगावरचा बराचसा धुरळा जातो. मग प्रत्येकाला दोन प्रश्न: कुठे होतात, किती वेळ. यावरूनच बहुतेक जण यादीतून बाहेर पडतात. उरलेल्यांचे आणि लवकर उलटी झालेल्यांचे सीबीसी, वेळ लिहून. सहा तासांनी परत. ज्यांचा आकडा घसरतो त्यांची एक हिरव्या झाकणाची नळी सूक्ष्मदर्शी ताईंकडे.

पाच हजारांचं रक्त एकदम काढलं तर मशीन दोन दिवस निरोगी माणसांचेच आकडे छापत बसेल आणि ज्या वीस जणांचे उतार बघायचे ते त्या ढिगात हरवतील.

सूक्ष्मदर्शी
हिरवं झाकण म्हटल्याबद्दल आभार. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे रसायन असतं, त्यात माझ्या पेशी नीट वाढत नाहीत. आणि कृपा करून बर्फात गोठवून पाठवू नका. गेल्या सरावात अर्ध्या नळ्या गोठून आल्या होत्या. मेलेल्या पेशींना राजमाही उठवत नाही.

शंकेखोर (धागाकर्ता)
म्हणजे तंबूतली डॉक्टरीण फेकत होती. बायकोला सांगावं लागणार.

एक्सरेवाली
सांगा, पण आधी ती उलटी करते का बघा.

निवांत_वाचक
धागा पूर्ण वाचला नाही, पण ते आयोडिनच्या गोळ्या घेतल्या की सगळ्या रेडिएशनपासून बचाव होतो ना? रक्तबिक्त कशाला?

कोरडवाहू
नाही. फक्त थायरॉइड, आणि तेही किरणोत्सर्गी आयोडिनपासूनच. आता वरून वाचत या, मीही तसाच आलो होतो.